पहिला थेंब उशिरा विरतो

(वसंत व्याख्यानमाला, नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



या टेबलावर एक काळा दगड ठेवला आहे. व्याख्यान संपलं की हातात घेऊन बघा. मुठीएवढाच आहे, पण उचलल्यावर चांगलाच जड लागतो आणि बोटं काळी करतो. हा मनसरचा दगड. जबलपूर रोडनं गेलं की रामटेकचा फाटा लागतो, तेच मनसर. दगडात मँगनीज आहे. सार्वजनिक विद्यापीठात रसायन आणि भौतिकशास्त्र शिकणं म्हणजे काय, हे मला आज सांगायचं आहे. सुरुवात या दगडापासून करतो, कारण नागपुरातल्या विज्ञानशिक्षणाची मुळं याच्यापर्यंत जातात.

1900 च्या सुमारास नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजवर 1909 मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही आहे. या धंद्यात कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण होते. 4 ऑगस्ट 1923 रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. त्या विद्यापीठाला लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी सुमारे 35 लाख रुपये ठेवले. त्यातून 1942 मध्ये अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. आपण तिला एलआयटी म्हणतो. 2023 मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

लक्ष्मीनारायण यांच्या त्या रकमेत एका माणसाचं औदार्य होतं, तसा डोक्यावर टोपली घेऊन खाणीतून वर येणाऱ्या बायामाणसांचा घामही होता. म्हणून तिथल्या बाकांवर पहिला हक्क त्यांच्या नातवंडांचा आहे, असं मी मानतो.

आता तुम्हाला प्रयोगशाळेत घेऊन जातो. मी 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. बी.एस्सी.ला एक प्रॅक्टिकल असतं, पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन. परमँगनेट येतं ते या काळ्या दगडाच्याच जातीतून. मँगनीज डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशबरोबर हवेत तापवलं की हिरवं मँगनेट होतं, आणि त्याचं पुढे जांभळं परमँगनेट. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या नळीत, ते इतकं गडद दिसतं की पातळीची खालची कड दिसतच नाही, वरची कड वाचावी लागते. खाली कोनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्ल. फ्लास्क आधी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचा, हाताला चटका बसेल इतका.

पहिला थेंब पडतो. फ्लास्क गोल गोल हलवत राहायचं. रंग जात नाही. मुलं घाबरतात, “सर, चुकलं का?” मी म्हणायचो, थांबा. काही वेळानं तो जांभळा रंग हळूहळू विरतो. दुसरा थेंब जरा लवकर विरतो, आणि दहाव्या थेंबापर्यंत रंग पडताक्षणी नाहीसा होऊ लागतो. शेवटी एकच थेंब असा येतो की फ्लास्कभर फिका गुलाबी रंग पसरतो आणि टिकतो. तो एंड पॉइंट.

पहिला थेंब उशिरा का विरतो? कारण या क्रियेला वेग देणारं द्रव्य फ्लास्कमध्ये आधी नसतंच, ते क्रियेतूनच तयार होतं. पहिला थेंब विरताना त्यातल्या मँगनीजचा रंगहीन आयन होतो, आणि तोच पुढच्या थेंबांची वाट सोपी करतो. याला स्वयं-उत्प्रेरण म्हणतात.

हे मला रसायनानं शिकवलं, आणि माणसांत दिसलं ते एका विद्यार्थिनीमुळे. रामटेक तालुक्यातली, घरात कॉलेजात आलेली पहिलीच. पहाटेची एसटी धरून यायची. पहिले सहा महिने वर्गात एक शब्द बोलली नाही. पुस्तकं इंग्रजीत, व्हायवा इंग्रजीत. पण ब्युरेटची तोटी तिच्या हातात स्थिर राहायची, तीन रीडिंग तंतोतंत जुळायची. एम.एस्सी.ला ती विद्यापीठाच्या विभागात गेली. दोन वर्षांनी तिच्याच गावच्या दोन मुली माझ्या वर्गात बसल्या होत्या. फॉर्म कुठला भरायचा, होस्टेल कसं मिळतं, व्हायवात काय विचारतात, हे सगळं त्यांना घरबसल्या ठाऊक होतं. त्या पहिल्याच आठवड्यात बोलू लागल्या.

श्रोतेहो, सिद्धांत आज मोबाइलवर मिळतो, आणि तो चांगला समजावून सांगणारे पुष्कळ आहेत. पण तापलेला फ्लास्क मोबाइलवर मिळत नाही. ज्या घरात तो विकत घेण्याची ऐपत नाही, त्या घरातल्या मुलासाठी ती जागा सार्वजनिक विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालयं हीच. आणि नेमकी तीच झिजते आहे. शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. तासिका तत्त्वावर आलेला तरुण प्राध्यापक पुढच्या वर्षी असेल की नाही, हे त्यालाही माहीत नसतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी ज्या महाविद्यालयात होतो, तिथे चार मुलांत एक ब्युरेट होती. एक जण टायट्रेशन करायचा, बाकीचे तिघं रीडिंग उतरवून घ्यायचे. तशा जर्नलांवर मी सह्या केल्या आहेत. त्याची खंत मला आजही आहे. ज्याने रंग बदलताना स्वतः पाहिला नाही, त्याला रसायन येतं असं आपण लिहून दिलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शासनानं जागा भराव्यात, पूर्णवेळ भराव्यात. प्रत्येक मुलाच्या हातात त्याची स्वतःची ब्युरेट असावी. ती काही शे रुपयांना मिळते. नागपूर विद्यापीठातून शिकून जे मोठे झाले, त्यांनी आपल्या जुन्या विभागात एकदा जाऊन तिथली फडताळं उघडून बघावीत. काय द्यायचं ते त्यांना तिथेच कळेल.

शेवटी एक गोष्ट. फ्लास्क थंड असला तर पहिला थेंब तसाच रेंगाळत राहतो. आम्ल कमी पडलं तर त्याचा तपकिरी गाळ होतो, आणि सगळं टायट्रेशन वाया जातं. त्या वेळी दोष थेंबाचा नसतो. मनसरची, सिरोंच्याची, मेळघाटाची मुलं आपल्या हिमतीवर येत आहेत, येत राहतील. फ्लास्क ऊन ठेवणं हे आपलं काम आहे.