शिक्का, प्रथिन आणि पेशी



मराठीच्या अध्यापकाने विज्ञानावर बोलावे, हे काहींना धारिष्ट्याचे वाटेल. परंतु ज्या तंत्राविषयी मी बोलणार आहे, त्याचे मुख्य साधन आपल्या ग्रंथपालांच्या मेजावर रोज असते. ते म्हणजे रबरी शिक्का.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी १९९३ मध्ये सूक्ष्म शिक्क्याने छापण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. शिक्का सिलिकॉन रबराचा. त्यावरील उठाव केसाहून कितीतरी बारीक. शाईच्या जागी सोन्याला चिकटणारे गंधकयुक्त रसायन. पुढे हीच पद्धत प्रथिनांसाठी वापरली गेली. प्रथिन हे जैविक बहुवारिक, म्हणजे लहान घटकांची लांब साखळी. सोन्याच्या मुलाम्यावर जेथे छाप उमटेल तेथे ते बसते. उरलेल्या जागेवर त्याला थारा न देणारा थर चढवतात. अशा रीतीने प्रथिनाची चिमुकली बेटे तयार होतात आणि जिवंत पेशी त्यांवरच पाय रोवते.

१९९७ मध्ये ख्रिस्तोफर चेन, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी केशवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी अशा बेटांवर ठेवल्या. ऐसपैस बेटावरील पेशी वाढू लागल्या. अगदी लहान बेटावरील पेशींनी मरण पत्करले. आता कोणी म्हणेल, लहान बेटावर प्रथिनच कमी, म्हणून असे झाले. ही शंका संशोधकांनी स्वतःच घेतली, आणि मला या प्रयोगाचे खरे मोल त्यातच वाटते. त्यांनी तेवढेच प्रथिन बारीक ठिपक्यांत विखरून छापले. पेशी ठिपक्याठिपक्यांवर हातपाय पसरून बसली आणि जगली! प्रथिनाशी स्पर्श किती, यापेक्षा पेशीला पसरायला मिळते किती, हे निर्णायक ठरले.

२००४ मध्ये चेन यांच्याच गटाने मानवी मूळपेशी घेतल्या. भोवतालचे पोषक द्रव तेच ठेवूनही लहान बेटावरील पेशी चरबीच्या झाल्या, तर मोठ्या बेटावरील हाडाच्या.

डीएनएचे ठिपके काचेवर मांडून हजारो जनुके एकदम तपासण्याचे तंत्र आता प्रयोगशाळांच्या नित्याच्या वापरात आहे. शरीरात बसवायच्या कृत्रिम भागांचा पृष्ठभाग कसा असावा, या प्रश्नालाही या प्रयोगांनी नवी दिशा दिली. मात्र तेथे वाट बिकट आहे. शरीरातील बहुतेक पेशी सपाट काचेवर राहत नाहीत. त्यांच्या चोहोबाजूंनी मऊ जाळे असते, आणि त्या जाळ्यावर शिक्का मारता येत नाही.