मक्याची तहान, मक्याची थंडी आणि आपलं बियाणं

(महासंघाच्या खरीपपूर्व मेळाव्यात क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना मेळाव्याला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मे महिना लागला की प्रत्येक गटाच्या बैठकीत एकच विषय असतो. बियाणं आणि खतासाठी अंतर्गत कर्ज. कर्ज मंजूर होतं, आपण दुकानात जातो, आणि दुकानदार पिशवी हातात देताना म्हणतो, "ताई, हा मका घ्या, पाऊस नसला तरी येतो." रब्बीत तोच म्हणतो, "थंडीला दाद देत नाही." त्या एका वाक्यावर आपण गटाचे पैसे शेतात टाकतो. ते वाक्य कधी खरं असतं, कधी अर्धंच खरं असतं, आणि ते आपण बायांनी कसं तपासायचं, एवढंच मी आज सांगणार आहे.

एका केसाला एक दाणा

मक्याचं ताट तुमच्या रोजच्या बघण्यातलं आहे. शेंड्याला तुरा येतो, तो नर. खाली पेरावर कणीस येतं, ती मादी. कणसाच्या तोंडातून जे केस बाहेर येतात, त्यातला एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यातली पिवळी पूड, म्हणजे पराग, केसावर पडला तर तो दाणा भरतो. नाही पडला तर ती जागा रिकामी. म्हणून काही कणसं सोलल्यावर दात पडल्यासारखी दिसतात.

आता पावसाचा खंड पडला की काय होतं बघा. केस पाण्यावर वाढतो. ताटाला पाणी कमी पडलं की ते तुरा वेळेवर काढतं, पण कणसाचा घास कमी करतं. तुरा येऊन पराग उडून जातो आणि केस मागाहून बाहेर येतात. पराग उन्हात फार वेळ जगत नाही. केस आले तेव्हा पराग संपलेला. ताट हिरवंगार उभं, पण कणसात दाणे नाहीत. म्हणून मक्याला खंडाचा सगळ्यात मोठा फटका फुलोऱ्यात बसतो. जूनमध्ये पेरलेला मका ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात असतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशभरातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. त्या साली ज्या गटांचे हप्ते थकले, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

तुरा आणि केस यांच्यात किती दिवसांचं अंतर पडतं, ते ध्यानात ठेवा. पुढे सगळं त्यावरच येणार आहे.

पाणी तोडून केलेली निवड

मेक्सिको हा मक्याचा मूळ देश. तिथल्या दक्षिण भागात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतापासून मका घडवला. त्याच देशात सिमिट नावाची, मका आणि गव्हावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. त्यांच्या लोकांनी १९७५ च्या सुमारास तुक्सपेन्यो नावाच्या मक्यावर दुष्काळासाठी निवड सुरू केली.

त्यांची पद्धत साधी होती. त्लाल्तिझापान नावाच्या ठिकाणी हिवाळ्यात पाऊस पडत नाही. तिथे मका पेरायचा, म्हणजे पाण्याचा नळ आपल्या हातात. एका वावरात पुरेसं पाणी, दुसऱ्यात कमी, आणि तिसऱ्यात ऐन फुलोऱ्याच्या आधी पाणी बंद. मग वेगवेगळ्या मक्याच्या ओळींमध्ये फिरून बघायचं. पाणी तोडल्यावरही कोणाचे केस वेळेवर आले? कोणाच्या ताटांना कणीसच लागलं नाही? लोक अशा ताटाला 'वांझ' म्हणतात. मी 'बिनकणसाचं' म्हणते, कारण दोष ताटाचा नसतो, तहानेचा असतो. जे चांगले टिकले त्यांचा आपसात संकर करायचा, पुढच्या फेरीत परत पाणी तोडायचं, परत निवडायचं. अशा आठ फेऱ्या झाल्या. शेवटी जो मका तयार झाला त्याचा तुरा लहान होता, तुरा आणि केस यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि कोरड्यात त्याला दाणे जास्त भरत होते. चांगल्या पाण्यातही त्याचं उत्पन्न घटलं नाही.

यातून आपल्याला दोन गोष्टी कळतात. पहिली, दुष्काळ सोसणारा वाण पाणी भरपूर देऊन निवडता येत नाही. त्याला तहानेत उभं करूनच बघावं लागतं. म्हणून कोणी वाण सांगितला की विचारायचं, "हा कोरडवाहू रानात बघितलाय का? कुठे बघितलाय?" दुसरी, सहनशील म्हणजे पाण्याशिवाय येणारा नव्हे. शेजारच्या मक्याला चार आणे पीक आलं, तर याला आठ आणे येईल, इतकाच त्याचा अर्थ. खंड फार लांबला तर हाही जातो. आठ आणे पिकात हप्ता भरता येतो, चार आण्यात येत नाही, म्हणून हा फरक लहान नाही. पण "पाऊस नसला तरी येतो" हे वाक्य खोटंच आहे.

थंडीचं काय?

मका मूळचा उबेतला. जमीन दहा अंशांच्या खाली गेली की उगवण जवळजवळ थांबते. बी मातीत पडून राहतं आणि कुजतं. उगवलेलं रोप थंडीत पिवळं किंवा जांभळट पडतं, कारण थंड मातीतून मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही. आपल्याकडे रब्बी मका उशिरा, नोव्हेंबर संपताना पेरला की हे दिसतं. खत टाकून तो रंग लगेच जात नाही. ऊब आली की रोप आपोआप सावरतं.

पण जगात काही मके थंडीतले आहेत. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या जुन्या मक्याच्या देठाजवळची पानं जांभळी आणि लवदार असतात. गडद रंग ऊन धरतो आणि लव ऊब धरते, असं अभ्यासक सांगतात. दक्षिण अमेरिकेत टिटिकाका तलावाच्या काठाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर, लोक छोट्या कणसाचा मका पिकवतात. थंडीचा वाण तयार करताना अशा मक्यांचा गुण नव्या वाणात आणायचा प्रयत्न होतो. आणि तपासणीही कठोर असते. बी ओल्या मातीत दहा अंशांवर आठवडाभर ठेवतात, मग ऊब देतात, आणि किती उगवलं ते मोजतात.

हे जुने मके कोणी जपले? अमेरिकेच्या नैऋत्येला वाळवंटी भागात होपी नावाचे आदिवासी आहेत. तिथे वरची माती इतकी कोरडी असते की ते मक्याचं बी वीतभर किंवा त्याहून खोल टोकतात. आपला मका तेवढ्या खोलीतून वर येणारच नाही. त्यांच्या मक्याचा कोवळा कोंब मात्र लांब वाढतो आणि माती फोडून वर येतो. १९१४ मध्ये एका शास्त्रज्ञाने या गुणाबद्दल लिहिलं, पण होपी लोकांना तो कितीतरी आधीपासून माहीत होता. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं आणि बी राखणं हे बायकांचं काम.

आपल्याकडेही हे आहे. नंदुरबारच्या धडगाव भागात पावरा, भिल्ल कुटुंबं जुने मके पेरतात, चुलीच्या धुरावर कणसं टांगून बी राखतात, आणि तिथे बायफ संस्थेबरोबर सामूहिक बियाणं बँकाही उभ्या राहिल्या. उद्या कुठल्या वाणाला तहानेचा किंवा थंडीचा गुण लागेल तेव्हा तो अशाच कणसात सापडेल. बी एकदा संपलं की तो गुण परत आणता येत नाही.

संकरित की संमिश्र?

दुकानातला मका बहुतेक संकरित असतो. दोन शुद्ध वाणांचा संकर करून तो दर वर्षी नव्याने तयार करावा लागतो. त्याचं बी घरात ठेवून पेरलं तर पुढच्या साली ताटं उंच-बुटकी येतात आणि उत्पन्न उतरतं. म्हणून संकरित घ्यायचा तर दर वर्षी पैसे लागणार, हे कर्जाच्या हिशोबात धरा. संमिश्र वाणाचं बी मात्र घरचं ठेवता येतं. चाऱ्यासाठी आपण पेरतो तो आफ्रिकन टॉल असाच संमिश्र आहे. संकरिताला चांगल्या पाण्यात उत्पन्न जास्त असतं. संमिश्राला खर्च कमी असतो. कोणता घ्यायचा ते तुमचं रान आणि तुमचं पाणी ठरवेल.

घरचं बी ठेवायचं असेल तर एक सांगते. मळणीच्या ढिगातून मोठी कणसं निवडू नका. ते कणीस पाटाच्या कडेच्या, पाणी प्यालेल्या ताटाचं असू शकतं. ढिगात ते कळत नाही. उभ्या पिकात, वावराच्या मधल्या भागात जा, आणि शेजारणींसारखंच पाणी मिळूनही ज्या ताटाला भरलेलं कणीस आहे, त्याला चिंधी बांधा. एकदोन नाही, शंभरेक ताटं तरी निवडा, नाहीतर दोनचार वर्षांत बी कमजोर होतं. दुसऱ्या वाणाचा मका दोनशे मीटरच्या आत नको, पराग वाऱ्याने येतो.

आई प्लॉट, बाळ प्लॉट

आता आपल्या कामाचं. आफ्रिकेत मलावी, झिंबाब्वे या देशांत वाण तपासायची एक पद्धत निघाली, तिला 'आई-बाळ चाचणी' म्हणतात. गावात एका ठिकाणी सगळे वाण शेजारी शेजारी पेरायचे, तो आई प्लॉट. त्यातले तीनचार वाण प्रत्येक शेतकरी आपल्या रानात, आपल्या पद्धतीने पेरतो, ते बाळ प्लॉट. मग सगळे मिळून ठरवतात. तिथल्या बायांनी नुसतं वजन बघितलं नाही. दाणा टणक आहे का, कुटायला बरा आहे का, कोठीत किडतो का, हेही सांगितलं.

आपल्या ग्रामसंघाला हे सहज जमेल. यंदा गावात एका ताईने आई प्लॉट करावा. कृषी सखी आणि कृषी सहायक यांना वाण निवडायला बोलवा. बाकी पाचसहा जणींनी आपल्या वावरात दोन नवे वाण आणि आपला नेहमीचा, प्रत्येकी चार ओळी पेराव्यात. एकाच दिवशी पेरणी, सगळ्यांना सारखं खत. गटाच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर एवढं लिहा:

• पेरणीची तारीख, आणि शंभर बियांतून किती उगवली
• निम्म्या ताटांना तुरा आला ती तारीख
• निम्म्या ताटांना केस आले ती तारीख
• पावसाचा खंड कधीपासून कधीपर्यंत
• शंभर ताटांत बिनकणसाची किती
• वाळलेल्या दाण्याचं वजन, आणि चारा जनावरांनी कसा खाल्ला

तुरा आणि केस यांच्या तारखांत अंतर जितकं कमी, तितका तो वाण तहान सोसणारा. त्याच साली खंड पडला असेल तर ही नोंद सोन्यासारखी आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलीला बरोबर घ्यावं.

पिशवी घेताना

शेवटी दुकानाबद्दल. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते, सत्यदर्शकला हिरवी. चिठ्ठीवर उगवणशक्ती आणि मुदत वाचा. मक्याला उगवण नव्वद टक्के हवी. पक्कं बिल घ्या, त्यावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि मोजा. बियाला औषध लावलेलं असतं, म्हणून हात धुवा आणि पोरांपासून लांब ठेवा. रिकामी पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत सांभाळा. उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करताना हेच लागतं. नुसतं तोंडी सांगून पंचनामा होत नाही.

रब्बीचा मका घेणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरणी उरकावी. थंडीचा वाण असला तरी वेळेवर पेरणीला पर्याय नाही.

तायांनो, नवा वाण आला की अख्ख्या रानात पेरायचा मोह होतो. कर्ज काढून तसं करू नका. चार ओळींत हरलं तर घर हलत नाही. पुढच्या मासिक बैठकीत बियाण्याच्या कर्जाचा विषय आला की आधी विचारा: कोण आई प्लॉट करणार, कोण बाळ? नावं ठराव वहीत लिहा आणि मला कळवा. पेरणीच्या आठवड्यात मी प्रत्येक गावात येऊन नोंदीचा तक्ता भरायला मदत करीन.