लेझर करण्याआधी चार प्रश्न



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर गप्प. मग हळूच म्हणाल्या, "लेकीचं लग्न आहे. तोंडावर सुरकुत्या, गालावर डाग. तालुक्याच्या पार्लरात लेझर करतात म्हणे." काही जणी हसल्या. मला हसू आलं नाही. आपण चांगलं दिसावं असं वाटलं, तर त्यात चूक काय? पण म्हैस घेतानाही आपण दूध काढून बघतो. मग चेहऱ्यासाठी चौकशी नको?

ताईंना घेऊन मी सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं ते असं. हे लेझर म्हणजे प्रकाशाचा तीव्र किरण. तो त्वचेचा वरचा थर जाळून काढतो, नाहीतर त्यात बारीक बारीक भोकं पाडतो. जखम भरताना नवी त्वचा येते. पण आपल्या सावळ्या कातडीवर जखमेनंतर काळे डाग पडण्याचा धोका जास्त. वांग असेल तर तो वाढूही शकतो.

म्हणून हे चार प्रश्न विचारा. एक, लेझर कोण करणार? त्वचारोगाचं शिक्षण घेतलेले डॉक्टरच हवेत. दोन, सावळ्या त्वचेवर यांनी हे काम केलंय का, आधी छोट्या जागेवर करून बघतील का? तीन, किती वेळा यावं लागेल आणि सगळा खर्च किती? तो लिहून घ्या. चार, उन्हात कधी जाता येईल? लेझरनंतर काही आठवडे ऊन टाळावंच लागतं. कांदा लागवड तोंडावर असेल तर आपल्याला ते जमेल का?

ओठांवर वारंवार फोड येत असतील किंवा रोजची औषधं चालू असतील, तर तेही आधीच सांगा.

आमच्या ताईंच्या गालावर वांगच निघाला. डॉक्टरांनी लावायला मलम दिलं आणि बाहेर पडताना सनस्क्रीन, वर पदर किंवा टोपी सांगितली. कर्जाचा अर्ज त्यांनी सध्या मागे घेतलाय.

आणखी एक. दुकानातून गोरं करणारं मलम विचारल्याशिवाय आणू नका. काहींत स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते. आणि एखादा डाग वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर लग्नाची वाट न बघता दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न वाचून दाखवा.