पुगा खोऱ्यातली धग



कोथरूडची आमची टेकडी काळ्या पाषाणाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा केव्हाच निवला. कोकणात तुरळ, उन्हवरे, वज्रेश्वरी इथली कुंडेही त्याच्या उरल्यासुरल्या उष्णतेवर तापत नाहीत. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, जमिनीच्या पोटात तापते आणि वर येते.

या उष्णतेपासून वीज करायची, तर देशात सर्वांत जास्त आशा आहे लडाखच्या पुगा खोऱ्यात. त्सो मोरीरीला जाणारे पुणेकर त्याच्या जवळूनच जातात. उंची सुमारे ४,४०० मीटर. झऱ्यांचे पाणी ८४ अंशांपर्यंत तापलेले. आकडा साधा वाटेल, पण एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण तितक्यावरच उकळते. वर याहून जास्त तापमान दिसणारच नाही! खालची धग कळायला भोकच पाडावे लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात तशी भोके घेतली. सर्वांत खोल भोक चारशे मीटरही नव्हते, तरी १४० अंशांपर्यंत तापमान मिळाले.

तेवढ्यावरून मेगावॉटचे हिशेब मांडणे मला घाईचे वाटते. पाणी किती येते, किती वर्षे येत राहील, हे विहीर महिनोन्‌महिने चालवूनच समजते. शिवाय या पाण्यात बोरॉन आहे. वापरून झाले की ते ओढ्यात सोडून चालणार नाही, परत खोल जिरवावे लागेल. फेब्रुवारी २०२१मध्ये ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राने लडाख प्रशासन आणि लेहच्या पर्वतीय विकास परिषदेशी करार केला, तो आधी एक मेगावॉटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा. सुरुवात लहान ठेवली, हे योग्यच झाले.

तिथली थंडी या कामी उपयोगीच पडते. गरम पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितकी तफावत, तितकी जास्त वीज त्याच उष्णतेतून निघते. आणि नुसती ऊब हवी असेल, तर विजेचीही गरज नाही. आइसलँडमधली दहापैकी नऊ घरे जमिनीतल्या उष्णतेवरच उबदार राहतात.

पुग्यात चांगपा मेंढपाळांच्या मुलांची निवासी शाळा आहे. माझ्या मते पहिली ऊब त्या शाळेच्या खोल्यांना मिळावी. त्यासाठी टर्बाइनची वाट पाहायचे कारण नाही.