हिशेब मांडला की डाव उघडा पडतो

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला खेळांच्या गणितावर बोलायला सांगितलं आहे, तर सुरुवात खेळूनच करू. या टेबलावर काडेपेटीतल्या २१ काड्या आहेत. दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन काड्या उचलायच्या. शेवटची काडी जो उचलेल तो जिंकला. पहिली पाळी तुमची असेल तर एकच काडी उचला. उरल्या २०. आता समोरच्याने एक घेतली तर तुम्ही तीन घ्या, त्याने दोन घेतल्या तर दोन, तीन घेतल्या तर एक. दर फेरीत मिळून चार काड्या जातील. २० च्या १६, मग १२, ८, ४, आणि शेवटची काडी तुमच्या हातात.

याला गणितात सर्वोत्तम रणनीती म्हणतात. तिचं वैशिष्ट्य असं की ती का चालते हे दोन मिनिटांत कुणालाही पटवून देता येतं. त्यात गुपित काही नाही, नशीबही नाही. ही कसोटी लक्षात ठेवा, कारण बाहेर 'फॉर्म्युला' विकणारे बरेच भेटतात.

आता मुद्द्यावर येतो. जुगार हराम आहे हे इथल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत आहे. तरीही आपल्या मोहल्ल्यांतली मुलं पैसे लावतात. कुणी मटक्याचा आकडा लावतो, कुणी क्रिकेटवर, कुणी मोबाइलवर. त्यांना विचारलं तर उत्तर येतं, 'हा जुगार नाही सर, हा डोक्याचा खेळ आहे.' या म्हणण्याला थोडा आधारही आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. पण कायदा दुकान बंद करतो, डोक्यातली आशा बंद करत नाही. म्हणून आज मी हराम-हलालवर बोलणार नाही. ते सांगणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. मी गणित शिकवतो, तेव्हा नुसता हिशेब मांडतो.

पहिला हिशेब मटक्याचा. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एकेरी आकडा लागला तर साधारण नऊ पट मिळतात. आता समजा, तुम्ही दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. एक आकडा लागणारच. खिशातून गेले १००, हातात आले ९०. जोडीचंही तसंच : शंभर जोड्या, आणि मिळतात साधारण नव्वद पट. म्हणजे कोणताही आकडा लावा, दर शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये चालवणाऱ्याचे. त्याला नशीब लागत नाही, फक्त गिऱ्हाईक लागतं.

'पण मी चार्ट बघून लावतो,' असं कुणी म्हणेल. चार्टमध्ये कालचे आकडे असतात. आकड्याला आठवण नसते. सात हा आकडा महिनाभर आला नाही म्हणून उद्या तो यायला बांधील नाही. आणि सोडत प्रामाणिक नसेल, तर चार्ट आणखीच निरुपयोगी. चार्ट विकणाऱ्याला आपली काड्यांची कसोटी लावा : 'का लागतो ते पटवून दे.' तो पटवू शकणार नाही. पटवता आलं असतं तर त्याने चार्ट विकला नसता, स्वतःच लावला असता.

दुसरा हिशेब 'डबल'चा. हरलं की पुढच्या वेळी दुप्पट लावायचे, म्हणजे एकदा जिंकलं की सगळं वसूल. ऐकायला बिनतोड वाटतं. दुप्पट म्हणजे काय, हे सांगणारी एक जुनी गोष्ट आपल्या परंपरेत आहे. तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न खल्लिकान यांनी ती नोंदवली आहे. बुद्धिबळ शोधणाऱ्या भारतीय विद्वानाने राजाकडे बक्षीस मागितलं : पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरं भरून गहू. राजाला मागणी क्षुल्लक वाटली. इब्न खल्लिकान यांचाही आधी विश्वास बसला नव्हता. अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने आकडे मांडून दाखवले तेव्हा पटलं. एकूण दाणे होतात १,८४४ च्या पुढे सोळा आकडे. राजाचं कोठार त्यापुढे काहीच नाही.

आता हेच खिशाला लावा. छापा-काट्यासारखा अगदी प्रामाणिक खेळ धरू. पहिला डाव दहा रुपयांचा. लागोपाठ दहा वेळा हरलात तर १०,२३० रुपये गेले. अकरावा डाव १०,२४० रुपयांचा, आणि तो जिंकूनही नफा किती? दहा रुपये. 'लागोपाठ दहा वेळा कोण हरतं?' १,०२४ पैकी एक. पण रोज असे तीन प्रयत्न केले तर वर्षात १,०९५ प्रयत्न होतात, आणि त्यात एकदा तरी ही वेळ येण्याची शक्यता तीनात दोन इतकी आहे. पुढची गंमत बघा. उरलेले १,०२३ प्रयत्न प्रत्येकी दहा रुपये मिळवून देतात, म्हणजे १०,२३० रुपये. आणि एक प्रयत्न १०,२३० रुपये घेऊन जातो. बेरीज शून्य. ही प्रामाणिक खेळातली गोष्ट झाली. चालवणाऱ्याने त्यात आपला वाटा ठेवला की बेरीज शून्याच्या खाली.

तिसरा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट थांबलेल्या डावातले पैसे न्याय्य पद्धतीने कसे वाटायचे, यावर पत्रव्यवहार केला. संभाव्यतेचं गणित तिथून उभं राहिलं. त्याच गणिताचा एक प्रश्न : माझ्याकडे १,००० रुपये आहेत, दर डाव १०० रुपयांचा. कफल्लक होण्याआधी १०,००० रुपये होतील का? खेळ बरोबरीचा असेल, म्हणजे शंभरात पन्नास वेळा जिंकण्याचा, तर शक्यता दहात एक. आता जिंकण्याचं प्रमाण पन्नासऐवजी पंचेचाळीस धरा. फरक फक्त पाचचा. शक्यता किती राहिली असेल? दहात एकाऐवजी वीसात एक? पन्नासात एक? नाही. सुमारे आठ कोटींत एक. छोटा तोटा एका डावात दिसत नाही, पण तो प्रत्येक डावात असतो आणि साठत जातो.

'पण माझ्या खेळात कौशल्य आहे.' मान्य. समजा सहा जणांनी शंभर-शंभर रुपये टाकून रमीचा डाव मांडला, आणि चालवणाऱ्याने ६०० पैकी ६० काढून घेतले. उरले ५४०. सहाही जण कितीही हुशार असोत, सगळ्यांची मिळून बेरीज साठ रुपयांनी कमीच. कौशल्याने एकाचे पैसे दुसऱ्याकडे जातात, ते वाढत नाहीत. फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलं की दोघांच्या अशा खेळात, जिथे एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा, दोघांसाठीही सर्वोत्तम रणनीती असते. 'स्टोन-पेपर-सिझर'मध्ये ती म्हणजे तिन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात, कुठलाही नमुना न ठेवता करणं. पण ती तुम्हाला सरासरी किती मिळण्याची हमी देते? शून्य. त्यातून कुणी वाटा काढला तर सर्वोत्तम खेळूनही तोटा. अशा खेळातली खरी सर्वोत्तम चाल एकच : पैसे न लावणं.

याचा अर्थ खेळूच नका, असा नाही. दहाव्या शतकात बगदादमध्ये अस-सूली हे शतरंजचे उस्ताद होते. त्यांनी रचलेलं एक कोडं सुमारे हजार वर्षं लोकांना छळत होतं. विसाव्या शतकात सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी आवेरबाख यांनी त्याची उकल मांडली. ज्याला डोकं लढवायची हौस आहे, त्याच्यासाठी हा केवढा मोठा खजिना आहे! बुद्धिबळ शिका, कोडी सोडवा, काड्यांच्या खेळात २१ ऐवजी २४ काड्या घेतल्या तर कोण जिंकेल ते आज रात्री शोधा. त्यात घर गहाण पडत नाही.

शेवटी एक गोष्ट, गणितापलीकडची. जो मुलगा आधीच अडकला आहे तो आपल्यातच बसलेला असू शकतो. तो खेळत राहतो कारण गेलेले पैसे परत काढायचे आहेत. गणित सांगतं, गेलेले पैसे पुढच्या डावाची शक्यता बदलत नाहीत. पण त्याला गणिताइतकीच माणसाची गरज आहे. हराम काम केलं म्हणून तो अम्मी-अब्बांपासून लपवतो, लपवण्यासाठी कर्ज काढतो, आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा खेळतो. आपण त्याला 'गुनहगार' म्हणून बाजूला काढलं तर तो अजून खोल लपेल. त्याच्याजवळ बसा. कुणाचं किती देणं आहे ते एका कागदावर मांडा. घरी सांगताना त्याच्याबरोबर जा. मन फार खचलं असेल तर सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन मोफत आहे.

दोस्तहो, मोहल्ल्यात भाषण ठोकायला जाऊ नका. २१ काड्या घेऊन कट्ट्यावर बसा. एक डाव खेळा, मग मटक्याचा हिशेब मांडा. दहा आकडे, नऊ पट. पाचवीतल्या पोरालाही कळतं.