अनुभवाच्या दाखल्यावर सही कुणाची?
(नागझिरा परिसरातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



हा मालगुजारी तलावांचा मुलूख. तलावाच्या कामावर मातीचे घमेले बाईच्या डोक्यावर आणि मोजमाप पुस्तक पुरुषाच्या हातात, हे आपण सगळ्याच पाहत आलो. आता आपल्या मुली सिव्हिलचा डिप्लोमा, डिग्री घेतात. तरी ते पुस्तक त्यांच्या हाती का येत नाही?

वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, वास्तुरचनाकारांसाठी १९७२ चा. अभियंत्यांसाठी देशभर असा एकच कायदा नाही. पण बांधकामाच्या नकाशावर सही करायला परवाना लागतोच. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनियरला पदवीनंतर ३ वर्षांचा अनुभव हवा. नियमात बाई-पुरुष भेद नाही. भेद येतो तो अनुभव देताना. ‘साइट तुझ्यासाठी नाही, ऑफिसात बिले कर,’ असे सांगायचे आणि मग प्रत्यक्ष कामाचा अनुभव नाही म्हणून दाखला नाकारायचा!

ए. ललिता १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनियर झाल्या. त्या अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरी तान्ही मुलगी. पण वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून दार उघडले. पुढे जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. ज्यांच्या वडिलांचा असा शब्द चालत नाही, त्या गोंदियाच्या मुलींचे काय? त्यांच्यामागे संघटनेने उभे राहायला हवे.

कामे तीन. पहिले, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली डिग्री-डिप्लोमावाल्यांना वर्षभराचे प्रशिक्षण मिळते आणि मुंबईच्या मंडळाचे प्रमाणपत्रही. ती वाट मुलींना दाखवा. दुसरे, रोजची वही ठेवायला सांगा: तारीख, काम, देखरेख कुणाची. दर महिन्याला त्यावर सही घ्यायची. तीन वर्षांनी कुणाच्या आठवणीवर विसंबायचे नाही.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. दाखला ज्याच्या हातात, त्यानेच त्रास दिला तर मुलगी गप्प बसते. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा शिकाऊ मुलीलाही लागू आहे, बिनपगारी असली तरी. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत ३ महिन्यांची. चौकशी चालू असताना तिने लेखी मागणी केली, तर तिच्या कामाचा अहवाल त्या माणसाऐवजी दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, अशी शिफारस समिती करू शकते. ही तरतूद फार थोड्या जणींना ठाऊक आहे.

परत गेल्यावर आपापल्या तालुक्यातल्या अशा मुलींची यादी करा. त्यांची वही आपण तपासू, समितीपुढे त्यांच्यासोबत आपण जाऊ.