सोलापूरची लढाई, टेबलावर



युरोपातल्या हौशी मंडळींचा एक छंद आहे : १६३२ सालची लुत्सेनची लढाई टेबलावर पुन्हा लढायची. बोटभर उंचीचे रंगवलेले शिपाई, फूटपट्टी आणि फासे. पट्टीने मोजून पलटण सरकवायची. नेम लागला की नाही, ते फासा सांगणार. एच. जी. वेल्सने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांच्या नियमांचं पुस्तकच काढलं. लुत्सेनला दाट धुकं होतं, त्यातच स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ पडला. आता टेबलावर धुकं आणायचं कुठून? यावर ही मंडळी हमरीतुमरीवर येतात.

आपले दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मात्र चार दिवस नुसते उभे. मी म्हणतो, त्यांनाही लढवा. आणि लढाई परकी कशाला? आपल्या सोलापूरच्या भुईकोटाचीच घ्या.

मे १८१८. दुसरा बाजीराव पेशवा पळतीवर, आणि त्याचं पायदळ नि तोफा गणपतराव पानशांच्या हाताखाली किल्ल्याच्या आश्रयाला. १० तारखेला इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने शिड्या लावून पेठ घेतली. तेव्हा पानसे जागा सोडून, तोफांसह वळसा घालून पूर्वेला आले आणि मारा सुरू केला. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. टेबलावर पानशांच्या बाजूने बसून पाहा. नियम असा, की तोफ हलवली तर त्या डावात डागायची नाही. म्हणजे किल्ल्याचा आधार सोडायचा, वर डावही फुकट घालवायचा. न हलावं तर पेठ गेली ती गेलीच. मला तरी तो बेत वेडगळ वाटत नाही.

घात केला पानशांच्याच दारूगोळ्याच्या गाड्याने. तो उडाला, संगिनींचा हल्ला आला, तोफा गेल्या. पानसे जखमी, त्यांच्या बाजूचा मेजर पिंटो ठार. दोन्ही फाशांवर सहा पडले तरच गाडा उडेल, असं ठरवून खेळा. छत्तीसांत एकदाच ते दान पडतं, आणि एरवी मन्रोला घाम फुटतो.

किल्ला १५ मेला इंग्रजांच्या हाती गेला. पण त्याआधीच, १० तारखेच्या संध्याकाळी, माघार घेणाऱ्या पायदळामागे इंग्रजांच्या प्रिट्झलरचे घोडेस्वार लागले आणि अंधार पडेपर्यंत सीनेच्या वाटेवर त्यांनी शेकडो माणसं कापली. लढाईत पडले त्याहून जास्त तिथे पडले. टेबलावर मात्र एक बाजू मोडली की आपण फासे गोळा करतो आणि चहा मागवतो.